कागदावरचे अनाथ

दत्तक हा शब्द महाराष्ट्राच्या इतिहासाला नवा नाही. इ. स. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, ते अप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक इंग्रजांनी मानला नाही म्हणून. पुढे सहा वर्षांच्या आत नागपूर आणि झाशी ही राज्येही वारसाच्या आणि दत्तकाच्या वादातच बुडाली. त्यामुळे आपल्याकडे दत्तकाचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला की गाद्या, खलिते आणि सनदा यांचाच इतिहास श्रोत्यांच्या वाट्यास येतो. ज्याला मांडीवर घेतले त्या पोराचे पुढे काय झाले, आणि ज्या आईने ते दिले तिचे काय झाले, हे मात्र बखरकारांनी क्वचितच विचारले.

आज आम्ही जी हकीकत मांडणार आहोत, ती राजवाड्यातली नाही. ती अमेरिकेतल्या एका शेतकरी दांपत्याची, कोरियातल्या युद्धात जन्मलेल्या मुलांची आणि ख्रिस्ती श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या एका दत्तकसंस्थेची आहे. दूरदेशीची असली तरी तिने उभा केलेला प्रश्न आपल्या दाराशीही येऊन गेला आहे. तो प्रश्न असा: मूल दुसऱ्याच्या घरी जाते तेव्हा ते द्यावयाचा अधिकार कोणाचा, आणि ते दिले गेले याची खरी नोंद कोणी ठेवावयाची?

प्रथम आपल्या जुन्या धर्मशास्त्राचे मत थोडक्यात पाहू. नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ असो वा आपल्या मुंबई इलाख्यात प्रमाण मानला गेलेला नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ असो, दत्तकाचा मूळ हेतू पिंड आणि वंश हा होता. म्हणून दत्तक जावयाचा तो मुलगाच. मुलीला त्यात सामान्यतः स्थान नव्हते. पण या शास्त्रात एक अट फार कसोशीची होती. मूल प्रत्यक्ष द्यावे लागे आणि प्रत्यक्ष घ्यावे लागे, आणि देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्या बापाला, त्याच्यामागे आईला असे. भाऊ, काका, आजा यांपैकी कोणालाही तो नसे. याचा परिणाम असा होई की ज्याचे आईबाप दोन्ही वारले, त्याला दत्तक जाताच येत नसे. कारण त्याला देणार कोण? ज्या पोरक्याला घराची गरज सर्वांत अधिक, त्यालाच शास्त्राने दार बंद केले होते. ही जुन्या कायद्याची निष्ठुरता होय, आणि ती झाकण्याचे कारण नाही. तथापि त्याच अटीमुळे एक गोष्ट साधत होती. मूल कोणाचे, ते कोणी दिले, हे चारचौघांसमक्ष ठरत असे. दत्तक मुलाचा पूर्वेतिहास पुसला जात नसे.

मुलाच्या हितासाठी मूल घ्यावे, हा निराळा विचार आपल्याकडे कृतीत आणला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या एका विधवा ब्राह्मण स्त्रीला १८७४ मध्ये मुलगा झाला, तो यशवंत त्यांनी आपला म्हणून वाढविला. येथे वंशाचा हेतू नव्हता. मात्र आई कोण हे कोणी लपविलेही नाही. या दोन गोष्टी, मुलाचे हित आणि आईची नोंद, मनात ठेवून आता आपण कोरियाकडे वळू.

१९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले आणि १९५३ च्या जुलैमध्ये शस्त्रसंधीने थांबले. मागे उरली ती जळालेली शहरे, फुटलेली कुटुंबे आणि भरून वाहणारी अनाथालये. या मुलांतच एक वर्ग असा होता, की ज्याला स्वतःच्या देशात जागा नव्हती. परदेशी सैनिकांपासून, मुख्यत्वे अमेरिकन सैनिकांपासून, कोरियन स्त्रियांना झालेली ही मुले होती. कोरियात त्या काळी प्रत्येक माणसाचे नाव कुटुंबाच्या नोंदवहीत, तिकडच्या भाषेत ‘होजुक’मध्ये, बापाच्या नावाखाली चढत असे. बापाचे नाव नाही तर नोंद धड नाही. आणि नोंद नाही तर शाळा, नोकरी, लग्न सगळ्याच वाटा अडलेल्या. शिवाय राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचे सरकार एक राष्ट्र, एक वंश या विचाराचे होते. अशी मुले परदेशी गेली तर बरी, असे त्या सरकारचे धोरण होते, आणि १९५४ साली त्यासाठी मुद्दाम एक सरकारी कचेरीही उघडण्यात आली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन संस्थानात, युजीन या गावी एक बोलपट दाखविण्यात आला. ‘वर्ल्ड व्हिजन’ या ख्रिस्ती संस्थेचे बॉब पिअर्स यांनी कोरियातील या मुलांची स्थिती त्यात दाखविली होती. प्रेक्षकांत जवळच्या क्रेसवेल गावचे हॅरी होल्ट आणि त्यांची पत्नी बर्था ही होती. हॅरी शेती करीत. त्याआधी लाकूडकटाईच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळविला होता. बर्थाबाई शिकलेल्या परिचारिका. पदरी सहा मुले. हॅरींना १९५० मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता, आणि वाचलो तो देवाच्या काही कार्यासाठी, अशी त्यांची समजूत झाली होती. बोलपट पाहून दोघांनी प्रथम काही मुलांच्या पोषणासाठी पैसे पाठविले. पण एवढ्याने समाधान होईना. अखेर आठ मुले दत्तक घ्यावयाची असा त्यांनी निश्चय केला.

आड आला तो कायदा. १९५३ च्या निर्वासितविषयक कायद्याप्रमाणे एका कुटुंबाला दोनच परदेशी अनाथ मुले आणता येत. हॅरी १९५५ मध्ये कोरियास निघून गेले, आणि इकडे बर्थाबाईंनी काँग्रेसच्या सभासदांमागे लकडा लावला. सेनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी पुढाकार घेतला आणि एकट्या होल्ट कुटुंबाकरिता खास कायदा त्या उन्हाळ्यातच संमत झाला. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी हॅरी बारा मुले घेऊन विमानाने परतले. त्यांतली आठ त्यांची, चार इतर कुटुंबांची. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली आणि देशभरातून निपुत्रिक दांपत्यांच्या पत्रांचा पाऊस क्रेसवेलवर पडू लागला. आम्हालाही असे मूल मिळेल का, एवढाच प्रत्येक पत्राचा आशय. १९५६ साली होल्ट दांपत्याने या कार्यासाठी संस्था स्थापन केली.

संस्थेची रीत समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे बरेवाईट तिच्यातूनच निघाले. मूल मागणाऱ्या दांपत्याला होल्ट यांची मुख्य विचारणा श्रद्धेची असे. येशू हा आपला तारणहार आहे, असा अनुभव घेतलेले ते ख्रिस्ती असले पाहिजेत. उत्पन्न बेताचे असले, वय थोडे अधिक असले, तरी ते चाले. ज्यांना सरकारमान्य संस्थांनी वयामुळे परत पाठविले होते, अशा पुष्कळांना येथे मूल मिळाले. दांपत्याने कोरियाला जावयाचे कारण नव्हते. ते आपले मुखत्यारपत्र पाठवीत, आणि हॅरी त्यांच्या वतीने कोरियन कायद्यानुसार दत्तकविधान उरकीत. मूल विमानात बसे तेव्हाच ते कायद्याने त्या घरचे झालेले असे, घरच्यांनी त्याचे तोंडही पाहिलेले नसताना! एकेका भाड्याच्या विमानातून पन्नासाहूनही अधिक मुले आणली जात. त्यांतली पुष्कळ तान्ही आणि आजारी असत. प्रवासात काही अर्भके दगावलीही.

या रीतीवर अमेरिकेतल्या समाजसेवकांनी कडाडून टीका केली. ‘चाइल्ड वेल्फेअर लीग’, ‘इंटरनॅशनल सोशल सर्व्हिस’ या संस्थांचे म्हणणे असे, की घरी जाऊन चौकशी न करता, दांपत्याची मनःस्थिती न पाहता, मूल आणि घर यांची जोड तपासल्याशिवाय दिलेले मूल म्हणजे टपालाने मागविलेला माल होय. काही घरांतून मुलांचा छळ झाल्याची प्रकरणे उघडकीस आली तेव्हा या टीकेला धार चढली. होल्ट यांचे उत्तर सरळ होते. तुम्ही तपास करीत बसाल, तोवर तिकडे पोरे मरतील. १९६१ च्या सप्टेंबरात अमेरिकेने कायदा कायमचा केला, पण त्याबरोबर मुखत्यारपत्राचा दत्तक बंद केला. मुलाला आधी प्रत्यक्ष पाहावे, नाही तर अमेरिकेत आणून आपल्या संस्थानाच्या कायद्याने पुन्हा दत्तक घ्यावे, असा दंडक आला.

हॅरी होल्ट हे ढोंगी गृहस्थ होते असे आम्हाला मुळीच वाटत नाही. हृदयविकार असताना ते थंडीवाऱ्यात अनाथालयामागून अनाथालये हिंडले. ज्यांना कोणी घेत नव्हते अशा अपंग मुलांसाठी त्यांनी सोलजवळ इल्सान येथे वसतिस्थान उभारले. १९६४ मध्ये कोरियातच त्यांचे निधन झाले आणि इल्सानच्या टेकडीवर त्यांचे दफन झाले. २००० साली वारलेल्या बर्थाबाईही तेथेच विसावल्या आहेत. उपासमार आणि क्षय यांच्या दाढेतून त्यांनी मुले ओढून काढली, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येणार नाही. आमचे म्हणणे माणसाविषयी नाही, त्या दयेने जे यंत्र निर्माण केले त्याविषयी आहे. हॅरी गेले, पण यंत्र चालू राहिले.

हे यंत्र कसे चालले ते पाहावे. अमेरिकेच्या कायद्याला मूल अनाथ हवे होते. १९६१ मध्ये कोरियातील लष्करी राजवटीने परदेशी दत्तकासाठी जो खास कायदा केला, त्यालाही अनाथच हवे होते. पण जसजशी वर्षे गेली, तसतशी युद्धातली अनाथ मुले संपली आणि सैनिकांची मुलेही कमी झाली. आता येऊ लागली ती गरिबांची, आणि पुढे मुख्यत्वे अविवाहित मातांची मुले. या मुलांना आया होत्या. कित्येकांना बापही होते. मग कागद तयार झाला. मुलाच्या नावाने स्वतंत्र ‘अनाथ होजुक’ उघडावयाचा. त्यात आई नाही, बाप नाही, आजा नाही, आजी नाही. त्या नोंदवहीत कुटुंबप्रमुख म्हणून एकच नाव, त्या तान्ह्या मुलाचे! पाळण्यातले पोर आपल्या एकट्याच्या घराण्याचे कर्ते झाले, की ते अनाथ ठरले आणि परदेशी जावयास मोकळे झाले.

आपल्या जुन्या शास्त्राशी याची तुलना करण्यासारखी आहे. तेथे ज्याला देणारे आईबाप नाहीत त्याला दत्तक जाता येत नव्हते. येथे ज्याला आईबाप आहेत त्याला जाता येत नव्हते. तेथे खरा अनाथ घरावाचून राहिला, येथे आई असलेले मूल कागदावर अनाथ झाले. दोन्हीकडे नियम निराळ्या टोकाचा, पण दोन्हीकडे नियमाला मूल जुळवून घेण्यात आले. मुलाला नियम जुळवून घेण्यात आला नाही.

संख्या वाढतच गेली. त्यामागे केवळ दया नव्हती. कोरियन सरकारला गरीब मुलांच्या आणि अविवाहित मातांच्या सोयीवर खर्च करावयाचा नव्हता. परदेशी दांपत्ये संस्थांना शुल्क देत होती. आणि अमेरिका व युरोप येथे दत्तक मिळण्याजोगी मुले दुर्मिळ झाली होती. १९७० नंतर होल्ट आणि इतर तीन अशा चार संस्था मिळून हे काम करीत. १९८५ या एका वर्षात ८,८०० हून अधिक मुले देशाबाहेर गेली. म्हणजे दररोज सुमारे चोवीस. युद्धात होरपळलेला देश आता कारखान्यांनी गजबजला होता, तरी मुले जातच होती. १९८८ मध्ये सोलला ऑलिंपिक सामने भरले आणि परदेशी वृत्तपत्रांनी कोरियाला मुलांचा निर्यातदार म्हणून हिणविले, तेव्हा कोठे सरकारला लाज वाटली आणि आकडा उतरू लागला. एकंदर सुमारे दोन लाख मुले गेली असावीत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. त्यांतली सर्वांत मोठी संख्या अमेरिकेत गेली.

ही मुले मोठी झाली आणि परत आली. इतिहासातला हा भाग आम्हाला सर्वांत विचार करावयास लावणारा वाटतो. कोणी अमेरिकेत शिकून, कोणी डेन्मार्कमध्ये संसार थाटून, तिशी-चाळिशीत आईला शोधावयास सोलच्या विमानतळावर उतरली. पुष्कळांना दत्तक आईबापांनी जिवापाड वाढविले होते, आणि ते ही गोष्ट कृतज्ञतेने सांगत. तरीही संस्थेच्या कपाटातून कागद निघाला तेव्हा त्यावर ‘रस्त्यात टाकून दिलेले’ असे लिहिलेले, आणि आई सापडली तेव्हा ती सांगू लागली की मी टाकले नव्हते. काहींचा कागद त्यांचा नव्हताच. ठरलेले मूल मेले वा आईबापांनी परत नेले म्हणून त्याच्या नावावर दुसरेच मूल धाडलेले होते. अमेरिकेत तर आणखी एक संकट निघाले. दत्तक मुलाचे नागरिकत्व आपोआप होत नसे, आईबापांनी वेगळा अर्ज करावा लागे, आणि कित्येकांनी तो केलाच नाही. २००० च्या कायद्याने ही उणीव भरून काढली, परंतु तो २००१ मध्ये अमलात आला तेव्हा ज्यांची अठरा वर्षे उलटली होती ते बाहेरच राहिले. त्यांतल्या काहींना प्रौढपणी, भाषा येत नसताना, कोरियास परत पाठविण्यात आले.

या मंडळींनी दाद मागितली. कोरियाने २०१२ पासून जन्मनोंद आणि न्यायालयाची संमती सक्तीची केली. पुढे ११ देशांतल्या ३६७ दत्तकांनी सत्यशोधन आयोगाकडे तक्रारी दिल्या. २६ मार्च २०२५ रोजी आयोगाने आपला निष्कर्ष जाहीर केला, आणि पहिल्या तुकडीत ५६ जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. खोटी अनाथपत्रे, बदललेली ओळख, आईच्या संमतीची धड नोंद नसणे, आणि या सर्वांवर देखरेख करण्यात सरकारने केलेली हयगय, असे दोष त्यात नमूद आहेत. त्याच वर्षी दत्तकाचे काम खासगी संस्थांकडून काढून सरकारने आपल्या हाती घेतले. परदेशी दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार कोरियास १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ली जे-म्युंग यांनी देशाच्या वतीने दत्तकांची, त्यांच्या जन्मदात्यांची आणि दत्तक कुटुंबांची क्षमा मागितली. होल्ट यांचे विमान उतरल्याला तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

आता आपल्याकडे पाहू. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याने मुलीलाही दत्तक जाता येऊ लागले आणि स्त्रीलाही स्वतःच्या अधिकारात दत्तक घेता येऊ लागले. पोरक्याला न्यायालयाच्या परवानगीने पालकाकरवी देण्याची सोय त्यात होती, आणि १९६२ च्या दुरुस्तीने टाकलेल्या व अज्ञात मातापित्यांच्या मुलासही ते दार उघडले. जुन्या शास्त्राची निष्ठुरता अशी संपली. पण हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता होता. भारतातल्या ख्रिस्ती दांपत्याला मूल हवे असेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल मोठे झाले की ते नातेही कायद्याने सुटे. विसंगती पाहा: ओरेगनमधला ख्रिस्ती शेतकरी पाच हजारांहून अधिक मैलांवरच्या मुलाचा बाप होऊ शकत होता, आणि वसईचा किंवा अहमदनगरचा ख्रिस्ती गृहस्थ आपल्याच अंगणात वाढविलेल्या मुलाचा बाप होऊ शकत नव्हता. २००० च्या बालन्याय कायद्याने आणि २००६ च्या त्याच्या दुरुस्तीने हा भेद मिटविला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तोच अर्थ स्पष्ट केला, की हा मार्ग कोणत्याही धर्माच्या माणसाला खुला आहे.

परदेशी दत्तकाचा पूर आपल्याकडेही येऊ घातला होता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी वृत्तपत्रातील गैरप्रकार पाहून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि १९८४ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवती यांनी जो निर्णय दिला त्याने मुलाच्या वाटेवर चौक्या बसविल्या. आधी भारतीय घर शोधावे, मग परदेशी. संस्था मान्यताप्राप्तच असावी. आईवर दडपण आणू नये. तिला फेरविचारास वेळ द्यावा. २०१५ च्या कायद्यात हा अवधी साठ दिवसांचा आहे. हेग करार भारताने २००३ साली स्वीकारला. दत्तक गेलेल्याला प्रौढपणी आपले मूळ शोधता यावे, अशी तरतूदही नियमांत आली.

आमच्या गावोगावच्या दत्तकेच्छू जोडप्यांना आज या चौक्या जाचक वाटतात. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, आणि एखादे पोर संस्थेत पडून असताना कागद हलत नाहीत, ही त्यांची तक्रार खोटी नाही. कागदाच्या दिरंगाईत बालपण संपून जाते, तेव्हा तोही अन्यायच होय, आणि होल्ट यांचा संताप नेमका याच दिरंगाईवर होता. परंतु कोरियाच्या सत्तर वर्षांनी दाखवून दिले, की ज्या कागदाला दयेने अडथळा मानले, तोच कागद पुढे त्या मुलाजवळ त्याच्या जन्माचा एकमेव पुरावा म्हणून उरला. तो खोटा निघाला, तेव्हा प्रेमाने वाढविणाऱ्या आईबापांनाही त्याला उत्तर देता आले नाही.

म्हणून कायदा जलद करावा असे कोणी म्हणेल, तर त्याला आमचा पाठिंबा आहे. चौकशीला माणसे वाढवावीत, न्यायाला मुदत घालावी, हेही खरे. मात्र तीन गोष्टी घाईच्या नावाखाली गाळू देऊ नयेत: आईची खरी संमती, तिला विचार बदलण्याची मुभा, आणि मुलाच्या उगमाची खरी नोंद. आपल्या नात्यागोत्यात, ओळखीत, इस्पितळातून परभारे मूल ‘मिळवून देणारे’ भले लोक अजूनही भेटतात. त्यांचा हेतू कदाचित चांगला असेल. तरी मूल घेणाऱ्याने त्यांना एवढे तरी विचारावे, की हे पोर वीस वर्षांनी माझ्यापुढे उभे राहून माझी आई कोण म्हणून विचारील, तेव्हा मी त्याच्या हाती काय देऊ? या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याच्या हातून मूल घेऊ नये.